भातावरची कोरियन अंडी: सोया सॉसमध्ये मुरवायची रीत

रात्रपाळी संपवून सकाळी भांडुपला उतरलं की पोटात भूक असते, पण ओट्यापाशी उभं राहायचं त्राण नसतं. मी परळच्या एका रुग्णालयात सिस्टर आहे. अशा सकाळींसाठी माझ्या फ्रिजमध्ये काचेच्या बरणीत अंडी मुरत असतात. घरी आल्यावर कुकर लावायचा, तो होईपर्यंत अंघोळ उरकायची, मग वाफाळत्या भातावर एक अंडं आणि बरणीतला दोन चमचे रस घ्यायचा. आमटी नाही, पोळी नाही, तरी जेवण पोटभर आणि चवीचं होतं. आमच्या वॉर्डातल्या बऱ्याच मुली आता ही अंडी करतात. ड्युटी बदलतानाच्या हँडओव्हरच्या घाईत त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं सगळं इथे एकदा नीट लिहिते आहे.

कोरियात या अंड्यांना मायाक ग्येरान म्हणतात. तिकडे भाताबरोबर लहान लहान वाट्यांत तोंडीलावणी मांडतात, त्यांना बानचान म्हणतात, आणि त्यातली बरीचशी आधीच करून फ्रिजमध्ये ठेवलेली असतात. सोया सॉसमध्ये मांस आणि अंडी रटरटत शिजवायची त्यांची एक जुनी पद्धत आहे, जांगजोरिम. त्यात अंडं पूर्ण कडक असतं. मायाक ग्येरानसाठी मात्र अंडं अर्धवट उकडतात, रस न उकळता नुसता कालवतात आणि त्यात कांदा, लसूण, मिरची कच्चीच घालतात. रामेन या जपानी नूडल्सच्या सूपमध्ये अर्धं कापून ठेवलेलं तपकिरी अंडं दिसायला असंच असतं, पण त्याच्या रसात मिरिन ही तांदळाची गोड जपानी दारू असते आणि ही कांदा-मिरची नसते. मला तरी कोरियन अंड्याची निम्मी गोडी त्या रसात भिजलेल्या कांद्यातच वाटते.

यात दोनच गोष्टी साधाव्या लागतात: बलक आणि खारटपणा. इंटरनेटवरची मापं जशीच्या तशी उचलली तर मुंबईत नेमक्या याच दोन गोष्टी बिनसतात, कारण आपली अंडी लहान असतात आणि वाण्याकडचा सोया सॉस वेगळा असतो. त्यामुळे मी या दोन्हींवर सविस्तर बोलणार आहे. बाकीचं तुमच्या मर्जीवर.

सहा अंड्यांसाठी सामान असं. मापाला आमटीची एकच वाटी घ्या, साधारण १५० मिलीची. सोया सॉस एक वाटी, पाणी एक वाटी, साखर चार मोठे चमचे, मध एक मोठा चमचा. एक लहान कांदा, कांद्याच्या पातीच्या तीन-चार काड्या, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, एक-दोन हिरव्या मिरच्या, मिळाली तर एक ओली लाल मिरची, आणि भाजलेले तीळ दोन मोठे चमचे. बर्फाचे दोन ट्रे आदल्या रात्रीच लावून ठेवा, तो सामानाचाच भाग समजा.

अंडी

कोपऱ्यावरच्या अंडीवाल्याकडची पांढरी पोल्ट्रीची अंडी साधारण ५० ते ५५ ग्रॅमची असतात. परदेशी कृतींमध्ये जे अंडं धरलेलं असतं ते सहसा ६० ग्रॅमच्या आसपासचं, आणि बहुतेक वेळा फ्रिजमधून थेट काढलेलं. आपल्याकडे अंडी दुकानात उघड्यावर ट्रेमध्ये असतात, तापमान २८-३० अंश. लहान आणि आधीच कोमट असलेलं अंडं लवकर शिजतं. त्यामुळे त्यांची सात मिनिटं आपल्या अंड्याला लावली की बलक गच्च होतो. गावठी अंडी तर आणखी लहान असतात.

मुरवायला आजची ताजी अंडी घेऊ नका. कोंबडीने नुकतंच घातलेलं अंडं सोलताना पांढऱ्याचे लचके निघतात, आणि अर्धवट उकडलेल्या अंड्याचा लचका निघाला की बलक बाहेर आलाच म्हणून समजा. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड असतो. दिवस जातात तसा तो कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून निघून जातो, पांढऱ्याची आम्लता कमी होते आणि आतल्या पापुद्र्याची पांढऱ्यावरची पकड ढिली पडते. आणून पाच-सात दिवस फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी यासाठी उत्तम. शंका असेल तर पेलाभर पाण्यात अंडं सोडून बघा. तळाशी सपाट आडवं पडलं तर अगदी ताजं. तळाशीच राहून रुंद टोक थोडं वर उचललं तर आपल्या कामाचं. वर तरंगलं तर टाकून द्या.

कवचाला घाण असेल तर उकडायच्या अगदी आधी धुवा. आणल्या आणल्या धुऊन ठेवायची सवय बऱ्याच घरांत असते, पण कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो. धुतल्यावर तो जातो आणि छिद्रं उघडी पडतात. बाजारातून आणलेली अंडी कोरडीच पुसून ठेवावीत.

उकडताना घड्याळ समोर ठेवा

अंड्याचं पांढरं साधारण ६० अंशांच्या पुढे जमायला लागतं, पण नीट घट्ट व्हायला ते ८० च्या आसपास जावं लागतं. बलक मात्र ६५ ला दाट व्हायला लागतो आणि ७० ला जमून जातो. म्हणजे पांढरं आधी तापलं पाहिजे आणि आच मधल्या बलकापर्यंत पोचायच्या आत अंडं बाहेर आलं पाहिजे. थंड पाण्यात अंडी घालून मग गॅस पेटवला तर हे जमत नाही. आत काय चाललंय ते कळत नाही, भांडं कुठलं आणि शेगडी केवढी यावर सगळं अवलंबून राहतं. उकळत्या पाण्यात अंडं सोडलं की मिनिटं मोजता येतात, आणि सोलायलाही ते सोपं जातं, कारण पांढरं चटकन आखडून पापुद्र्यापासून सुटतं.

दीड-दोन लिटर पाणी मोठ्या पातेल्यात खळखळ उकळवा. कमी पाण्यात सहा अंडी एकदम टाकली तर पाण्याची उकळीच बसते. फ्रिजमधली अंडी पाणी तापेपर्यंत, पंधरा-वीस मिनिटं, बाहेर काढून ठेवा. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते, तिथे टाचणीने अलगद एक भोक पाडलं की तापलेल्या हवेला वाट मिळते. हे केलंच पाहिजे असं नाही, पण अंड्याचं बूड चपटं न राहता गोल येतं, म्हणून मी करते.

आता गॅस मध्यम करा आणि झाऱ्यावर एकेक अंडं ठेवून हळूच पाण्यात सोडा. शेवटचं अंडं गेलं की टायमर लावा. पहिली दोन मिनिटं चमच्याने पाणी एकाच दिशेने हळूहळू फिरवत राहा, त्याने बलक मधोमध बसतो. नंतर हात लावायचा नाही. पाणी चांगलं उकळत राहिलं पाहिजे, पण अंडी एकमेकांवर आपटतील इतकं नको. मीठ-व्हिनेगर घालायला हरकत नाही. एखादं अंडं तडकलं तर व्हिनेगरमुळे बाहेर येणारं पांढरं जागीच थिजतं. सोलायला मात्र त्याची काही मदत होत नाही.

५०-५५ ग्रॅमच्या अंड्याला, बाहेर काढून ठेवलेलं असेल तर, सहा मिनिटांत पांढरं जमतं आणि बलक पूर्ण वाहता राहतो. साडेसहा मिनिटांना कडेचा बलक दाट होतो, मधला ओघळतो. मला हेच आवडतं आणि तुम्हीही इथूनच सुरुवात करावी असं सांगेन. साडेसात मिनिटांना बलक मऊ राहतो पण ओघळत नाही, डब्यात न्यायला सोयीचा. गावठी अंड्याला साडेपाच-पावणेसहा मिनिटं पुरतात. फ्रिजमधून थेट टाकणार असाल तर प्रत्येक वेळेत अर्धं मिनिट वाढवा. ही वेळ मुंबईची आहे. इथे आपण समुद्राच्या पातळीवर, पाणी १०० अंशांना उकळतं. पुण्यात ते साधारण ९८ ला उकळतं, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांना कृती पाठवलीत तर थोडा वेळ वाढवायला सांगा. नवीन दुकानातून अंडी आणलीत तर पहिल्यांदा एकच अंडं उकडून, कापून बघा. मग बाकीची टाका.

टायमर वाजला की झाऱ्याने अंडी थेट बर्फाच्या पाण्यात. इथे हयगय चालत नाही. कवचाच्या आत साठलेली उष्णता अंडं बाहेर काढल्यावरही बलक शिजवत राहते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी कोमटच असतं, त्याने काही होत नाही. फ्रिजमधल्या दोन बाटल्या आणि बर्फाचे दोन्ही ट्रे एका टोपात ओता आणि अंडी त्यात दहा मिनिटं राहू द्या. घरात बर्फ नसेल तर मासळीवाल्याकडून किंवा रसाच्या गाडीवरून आणू नका. तडकलेल्या कवचातून ते पाणी आत जातं आणि हे अंडं आपण पुन्हा शिजवणार नाही आहोत.

सोलताना घाई करू नका. अर्धवट उकडलेलं अंडं हातात मऊ लागतं, जोर दिला तर फाटतं. चमच्याच्या पाठीने सगळीकडून हलके ठोके द्या, कवचावर बारीक जाळी पडू दे. मग पाण्याच्या भांड्यातच, रुंद टोकाकडून सुरुवात करून, पापुद्र्याखाली अंगठा सरकवत सोला. पाणी पापुद्र्याखाली शिरतं आणि कवच आपोआप सुटत जातं. सोललेली अंडी स्वच्छ पंचावर ठेवून कोरडी करा, नाहीतर रस पातळ होतो.

सोया सॉस

वाण्याकडे मिळणारा गडद सोया सॉस आपल्या चायनीजसाठी बनवलेला असतो: काळाभोर, खूप खारट, आणि कढईतल्या मोठ्या आचेवर लसूण-मिरचीबरोबर छान लागणारा. फ्राइड राइसमध्ये तो दोन चमचे पडतो. इथे अंडी त्यात रात्रभर बुडून राहणार आहेत आणि रस कच्चा खाल्ला जाणार आहे, त्यामुळे सॉसची चव उघडी पडते. बाटलीच्या मागचं लेबल वाचा. पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढंच लिहिलेलं असेल तर तो आंबवून केलेला सॉस. त्याला वास गोडसर असतो, खारटपणाच्या मागे एक खोल चव असते. लेबलवर हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन आणि कॅरमल रंग दिसला तर तो पटकन तयार केलेला.

कोरियात घरोघरी निदान दोन प्रकारचे सोया सॉस असतात. एक गुक-गांजांग, सूपमध्ये घालायचा, रंगाने फिका पण जास्त खारट. दुसरे जिन-गांजांग आणि यांगजो-गांजांग, मुरवायला, परतायला. अंड्यांसाठी हे दुसरे. सेम्प्यो ही तिकडची १९४६ सालापासूनची कंपनी आहे, तिच्या बाटल्या मुंबईत ऑनलाइन मिळतात. किक्कोमन जपानी आहे, पण इथे उत्तम चालतो, आणि मोठ्या सुपरमार्केटांत सहज दिसतो. क्रॉफर्ड मार्केटमध्ये परदेशी सामानाची जी दुकानं आहेत तिथे दोन्ही विचारून बघा. बाटली महाग वाटते खरी, पण फ्रिजमध्ये ती महिनोन्महिने टिकते आणि या पदार्थात तोच एक खर्च आहे.

साधाच गडद सॉस घरात असेल तरी अंडी करा. फक्त प्रमाण बदला: अर्धी वाटी सॉस, दीड वाटी पाणी, साखर तेवढीच. रंग गडद येईल, चव जरा सपाट राहील, म्हणून लसूण आणि कांदा थोडा वाढवा. प्रत्येक कंपनीच्या सॉसचं मीठ वेगळं असतं, त्यामुळे रस कालवला की चाखा. भातावर दोन चमचे घातला तर आवडेल, नुसता प्यायला मात्र खारट लागेल, इतकाच खारट हवा. आमटीला मीठ बरोबर झालंय का हे जिभेला जसं कळतं तसंच हेही कळतं.

रस

पाणी आणि साखर एकत्र उकळवा, साखर विरघळली की गॅस बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या. बरेच जण गार पाण्यातच साखर ढवळतात. मी पाणी उकळवते, कारण हा रस पुढे कच्चा खायचा आहे आणि पावसाळ्यात नळाच्या पाण्यावर विसंबायला माझं मन घेत नाही. गार झाल्यावर सोया सॉस आणि मध घाला. गरम रस अंड्यांवर ओतू नका, कष्टाने राखलेला बलक त्यात शिजायला लागतो.

कोरियन लोक साखरेबरोबर मक्याचं किंवा तांदळाचं सिरप घालतात, त्याने रसाला चकाकी येते. आपल्याकडे ते काम मध करतो. कोल्हापूरची काकवी घातली तरी फार छान लागते, पण साखर निम्मी करून घाला, कारण काकवीची स्वतःची चव ठसठशीत असते.

कांदा, पात, लसूण, मिरची सगळं बारीक चिरा. लसूण ठेचू नका, ठेचलेल्या लसणाचा उग्रपणा दुसऱ्या दिवशी सगळ्या रसात उतरतो. कांद्याची पात पावसाळ्यात दादरच्या बाजारातून आणली की तिच्या मुळाशी चिखल असतो, तेव्हा काडी उभी चिरून वाहत्या पाण्याखाली धुवा. मिरचीचं म्हणाल तर तिकडे तिखटपणासाठी छंगयांग नावाची हिरवी मिरची घालतात. आपली लवंगी त्याहून झोंबते, आणि मुरल्यावर तिखट वाढतं. घरात लहान मुलं असतील तर बिया काढून भावनगरी घ्या.

तीळ कोरड्या कढईत मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. निम्मे अख्खे ठेवा, निम्मे बोटांनी चुरडून घाला. कोरियन कृतींमध्ये तिळाचं तेल लिहिलेलं असतं ते भाजलेल्या तिळांचं, तपकिरी रंगाचं आणि खमंग वासाचं असतं. आपल्याकडे घाण्याचं तिळाचं तेल मिळतं ते न भाजलेल्या तिळांचं, त्याला तो वास नाही. एकाच्या जागी दुसरं घालून उपयोग नाही. भाजलेलं तेल मिळालं नाही तर तीळ एक चमचा वाढवा आणि तेल सोडून द्या. संक्रांतीचे तीळ उरलेले असतील तर वास घेऊन बघा. ते खवट झालेले असतात बऱ्याचदा.

बरणीत

उभी, अरुंद काचेची बरणी घ्या, रुंद डब्यात सहा अंडी बुडवायला दुप्पट रस लागतो. प्लास्टिकच्या डब्याला सोया-लसणाचा वास धरतो. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी केलेली असावी. अंडी ठेवा, रस आणि चिरलेलं सगळं ओता. अंडी वर तरंगतात, कारण खारट-गोड रस अंड्यापेक्षा जड असतो, आणि वर उघडं राहिलेलं टोक पांढरंच राहतं. त्यावर स्वयंपाकघरातला टिश्यू पेपर दुमडून दाबून ठेवा. तो रस शोषतो आणि वरचा भागही ओला राहतो. किंवा मधूनमधून स्वच्छ चमच्याने अंडी फिरवा.

सहा तासांत अंड्याला फिका चहाचा रंग येतो आणि चव वरवर लागते. बारा तासांनी ती सगळ्यात छान असतात, म्हणून रात्री मुरत टाकून सकाळी खाणं सोयीचं. चोवीस तासांनी रंग गडद होतो, मीठ आत पोचतं आणि बलकातलं पाणी ओढून घेतं, तेव्हा बलकाची कड पाकासारखी दाट होते. माझ्या मुलाला तेच जास्त आवडतं. दोन दिवसांनंतर पांढरं चिवट आणि खारट व्हायला लागतं. तेव्हा अंडी रसातून काढून वेगळ्या डब्यात ठेवा, रस वेगळा ठेवा.

आता जे सांगते ते टाळू नका. रस खारट आहे म्हणून अंडी लोणच्यासारखी टिकतील असं समजू नका, मुळीच टिकत नाहीत. बरणी पहिल्या क्षणापासून फ्रिजमध्येच, आतल्या बाजूला, दारात नाही. दार उघडझाप होऊन तिथलं तापमान चढतं. सगळी अंडी तीन, फार तर चार दिवसांत संपवा. मुंबईच्या उकाड्यात बाहेर काढलेलं अंडं तासाभरात खाऊन टाका. अर्धकच्च्या बलकात सालमोनेला हा पोट बिघडवणारा जंतू जिवंत राहू शकतो, तो मरायला बलक ७१ अंशांपर्यंत तापावा लागतो. गरोदर बाई, पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, केमोथेरपी चालू असलेलं किंवा अवयव बदललेलं कुणी घरात असेल तर त्यांच्यासाठी अंडी दहा-अकरा मिनिटं उकडून कडक करा आणि त्याच रसात मुरवा. माझ्या सासूबाईंसाठी मी तशीच करते. त्यांची बरणी वेगळी असते आणि झाकणावर चिठ्ठी असते. त्यांना ती मुळी कमी वाटतच नाहीत.

मिठाचंही सांगते. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसाला २००० च्या आत राहायला सांगते. आपला रस निम्मा पाण्याचा आहे, तरी चमचाभर रसात ४०० च्या आसपास जातं. ब्लडप्रेशरच्या माणसाने अंडं खावं, रस चमचाभरच घ्यावा आणि त्या जेवणात लोणचं-पापड घेऊ नये. आंबवलेल्या सोया सॉसमध्ये गहू असतो, ज्यांना गहू चालत नाही त्यांनी लेबल बघूनच घ्यावा.

खाताना

भात बासमतीचा नको. कोरियन तांदूळ आखूड आणि चिकट असतो, त्याचे गोळे होतात आणि रस धरून ठेवतात. बासमती किंवा कोलमच्या मोकळ्या भातातून रस थेट ताटाच्या तळाशी जातो. आपल्याकडे त्यासाठी मावळातला इंद्रायणी आहे, किंवा आंबेमोहोर. एक वाटी तांदळाला सव्वादोन वाट्या पाणी, कुकरमध्ये दोन शिट्या, मग वाफ आपोआप जिरू द्यायची. आंबेमोहोराचा स्वतःचा सुवास असतो, तो तिळाबरोबर फार छान जमतो. मला विचाराल तर परदेशी चिकट तांदळावर पैसे घालवायची काहीच गरज नाही.

भात वाडग्यात घ्या, थोडा खड्डा करा. अंडं सुरीने कापू नका, बलक सुरीला चिकटून फिसकटतो. शिवणाचा स्वच्छ दोरा अंड्याभोवती गुंडाळून ओढला की दोन सुरेख अर्धुकं होतात. तीही भातावरच, वाडग्याच्या आतच करा, म्हणजे बलक सांडला तरी भातात जातो. वर दोन चमचे रस, त्यातला कांदा-मिरची मुद्दाम जास्त उचलून, आणि भाजलेल्या तिळाचं तेल असेल तर चार थेंब. बाजूला काकडीची कोशिंबीर, दही न घालता, नुसतं मीठ, लिंबू आणि तिळाचा कूट. किमची, म्हणजे तिकडचा आंबवलेला तिखट कोबी, असेल तर उत्तमच, पण गार काकडी या खारट-गोड अंड्याला पुरेशी साथ देते. लादीपावात घालूनही खाऊन बघा: पाव लोण्यावर भाजायचा, अंडं साडेसात मिनिटांचं घ्यायचं आणि रस अगदी थोडा.

डब्यात न्यायची असतील तर विचार करा. भांडुप ते परळ गर्दीची लोकल, वर वॉर्डात जेवायची वेळ नक्की नसते. अशा दिवशी मी कडक अंडंच नेते, आणि रस वेगळ्या छोट्या डबीत. ओघळत्या बलकाचं अंडं घरी खायचं.

आमच्याकडे गुरुवारी आणि श्रावणात अंडी शिजत नाहीत. तेव्हा याच रसात मी तोफू किंवा उकडून घेतलेली मशरूम मुरवते, तीही भातावर छान लागतात.

उरलेला रस टाकू नका, पण दुसऱ्या अंड्यांवर तसाच ओतूही नका. त्यात अंड्याचं आणि कांद्याचं पाणी सुटलेलं असतं. गाळून घ्या, तीन-चार मिनिटं खळखळून उकळवा, गार करा, चाखून चमचाभर सॉस वाढवा, चिरलेलं सगळं ताजं घाला, आणि असा एकदाच वापरा. त्यानंतरचा रस बटाट्यांना द्यायचा. कोरियात गामजा जोरिम म्हणून बटाट्यांचा पदार्थ करतात, जवळपास तसाच. लहान बटाटे सालासकट अर्धे चिरून थोड्या तेलावर परता, कडा लालसर झाल्या की गाळलेला रस आणि अर्धी वाटी पाणी घाला, झाकण ठेवून बारीक गॅसवर शिजू द्या. बटाटे मऊ झाले की झाकण काढून आच वाढवायची आणि रस आटून बटाट्यांना चकाकी येईपर्यंत हलवत राहायचं. वरून तीळ.